तुरुंगाचा जमाखर्च कोण मांडणार?

सरकारला प्रत्येक गोष्टीचा हिशोब लागतो. शिष्यवृत्ती द्यायची म्हटली की उत्पन्नाचा दाखला, घरकुल द्यायचे म्हटले की दारिद्र्यरेषेची यादी, आणि वसतिगृहात चार खाटा वाढवा म्हटले की 'निधी उपलब्ध नाही' हे ठरलेले उत्तर. गरिबाच्या हातात एक रुपया पडण्यापूर्वी तो वाया तर जाणार नाही ना, याची दहा टेबलांवर चौकशी होते. परंतु याच गरिबाला तुरुंगात डांबायचे असेल तर मात्र कोणीही विचारीत नाही की, याला खर्च किती येईल, तो कोण भरणार आणि त्यातून समाजाच्या पदरात काय पडणार? आमचे म्हणणे असे आहे की, हा प्रश्न आता चळवळीने विचारला पाहिजे. कारण तुरुंगात जाणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या वस्तीतला असतो आणि तुरुंगाचा न दिसणारा खर्चही आपलीच वस्ती भरीत असते.

आधी सरकारचेच आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. तुरुंगांची एकूण क्षमता ४ लाख ३६ हजार २६६. आणि या कैद्यांपैकी ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे कच्चे कैदी किती? ४ लाख ३४ हजार ३०२! म्हणजे देशातील तुरुंगांच्या जवळजवळ सर्व जागा एकट्या कच्च्या कैद्यांनीच भरून जातात. शिक्षा झालेल्यांना ठेवायला जागा उरतच नाही, म्हणून माणसावर माणूस रचावा लागतो. महाराष्ट्रातही क्षमतेच्या दीडपटीहून अधिक कैदी होते. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे. कच्च्या कैद्यांमध्ये मात्र सुमारे पाचातला एक जण अनुसूचित जातीचा असतो. हा योगायोग आहे असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल समजावे. आम्हाला तसे वाटत नाही.

आता पैशाकडे वळू. २०२२-२३ या वर्षी देशातील तुरुंगांवर सात हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. कैद्यांच्या संख्येने भागले तर एका कैद्यामागे वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे महिन्याला साधारण दहा हजार रुपये पडतात. हा सरासरीचा आकडा आहे आणि तो वापरताना आपण सावध राहिले पाहिजे. एक कैदी सुटला म्हणून सरकारचे महिन्याला दहा हजार वाचत नाहीत. शिपायाचा पगार, भिंतीची डागडुजी, वीज हा खर्च चालूच राहतो. वाचते ते फक्त त्याचे जेवण, कपडा आणि औषध. परंतु एका जिल्ह्यातून शंभर-दोनशे कैदी कमी झाले तर एक आख्खी बराक रिकामी होते, पहारा कमी लागतो आणि नवा तुरुंग बांधण्याचे कोट्यवधी रुपये वाचतात. खरी बचत तिथे आहे. म्हणून एकेका कैद्याची दया करून भागणार नाही. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कलमाखाली, कोणत्या कारणाने माणसे आत राहिली आहेत याचा एकत्र हिशोब मांडावा लागेल.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, वस्तीतल्या एका तरुणावर हजार-दोन हजारांच्या चोरीचा आळ आला. न्यायालयाने पंधरा हजारांचा जामीन मंजूर केला, पण जामीनदार मिळाला नाही. तो सहा महिने आत राहिला. सरासरीने धरले तर सरकारी तिजोरीतून साठ हजार गेले. तो बिगारी काम करून दिवसाला चारशे रुपये कमावीत होता आणि महिन्यात पंचवीस दिवस त्याला काम मिळत होते असे धरले, तर सहा महिन्यांची साठ हजारांची मजुरी बुडाली. म्हणजे पंधरा हजारांच्या कागदासाठी एक लाख वीस हजारांचा चुराडा! आणि सहा महिन्यांनी तो निर्दोष सुटला तर? फिर्यादीला त्याची वस्तू मिळाली नाही, सरकारला काही मिळाले नाही, घराची मात्र राख झाली. असा व्यवहार किराणा दुकानदारानेही केला नसता.

या हिशोबातला अर्धा भाग सरकारी वहीत कधीच येत नाही. नवरा आत गेला की बायकोने दर आठवड्याला रोज बुडवून मुलाखतीसाठी तुरुंगाच्या दाराशी रांग लावायची. वकिलाची फी, तारखेला येण्याजाण्याचे भाडे, आत पाठवायची मनीऑर्डर यांसाठी सावकाराचे किंवा बचत गटाचे कर्ज काढायचे. थोरल्या पोराची शाळा सुटते आणि ते हॉटेलात कपबशा धुवायला लागते. पोरीचे लग्न लवकर उरकले जाते, कारण घरात कर्ता पुरुष नाही आणि लोक नाव ठेवतात. आणि बाईच आत गेली तर तान्ह्या लेकराचाही तुरुंग होतो. हे सर्व खर्च कोणी केले? सरकारने केले नाहीत. सरकारने फक्त तो खर्च आपल्या वहीतून काढून आपल्या वस्तीच्या वहीत टाकला. म्हणूनच तुरुंग 'स्वस्त' वाटतो.

कोणी म्हणेल की, यावर कायदा आहेच. आहे ना! १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एका गरीब गवंड्याचे प्रकरण आले. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाचा जामीनही नाकारला गेला होता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर कठोर ताशेरे ओढले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे सडणाऱ्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न देशापुढे आला. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६-अ हे कलम आले. जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला, फाशीच्या गुन्ह्यांचा अपवाद सोडून, जामिनाचा मार्ग त्याने मोकळा केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला ही मुदत एक तृतीयांशावर आणली. पण त्याच कलमात अशी मेख मारून ठेवली आहे की, ज्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू आहेत त्याला हा लाभ नाही. आता सांगा, आंदोलनात उतरलेल्या आपल्या पोरांवर एकाच दिवसाच्या घटनेबद्दल चार-चार गुन्हे नोंदवले जातात, आणि पारध्याच्या पोरावर परिसरातली प्रत्येक न उलगडलेली चोरी चिकटवली जाते. या कलमाचा त्यांना उपयोग काय?

२०२२ च्या संविधान दिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी गरीब कैद्यांचा प्रश्न न्यायमूर्तींसमोरच मांडला आणि देशाचा विकास होत असताना तुरुंग वाढवण्याची गरज का पडावी, असे विचारले. त्यानंतर जामीन मंजूर होऊनही आत असलेल्यांची मोजणी झाली तेव्हा सुमारे पाच हजार माणसे निघाली. न्यायालयाने दार उघडले होते. उंबरठा ओलांडायला पैसा किंवा जामीनदार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी आदेश दिला की, जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिन्याभरात जामीनपत्र भरले गेले नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी वर्षाला २० कोटींची योजना आणली. त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. २० कोटींना ४० हजारांनी भागून पाहा, बरोबर पाच हजार माणसे होतात! म्हणजे अडकलेल्या प्रत्येकाला पूर्ण रक्कम दिली असती तरी पैसा पुरला असता. परंतु राज्ये हा निधी वापरीत नाहीत, अशी तक्रार खुद्द केंद्रालाच करावी लागली. सात हजार कोटी डांबून ठेवायला सहज खर्च होतात. वीस कोटी सोडवायला खर्च होत नाहीत. याला पैशाची टंचाई म्हणत नाहीत, याला नियत म्हणतात.

जमाखर्च मांडून तुरुंगाचे धोरण ठरवणे ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. अमेरिकेत काळ्या माणसांना त्यांच्या लोकसंख्येच्या कितीतरी अधिक प्रमाणात तुरुंगात घातले जाते, आणि तिथेच हा हिशोब सर्वाधिक झाला. वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने १९८३ साली स्वतःची एक धोरण-संशोधन संस्था उभी केली. कैद्यांसाठीच्या कोणत्या कार्यक्रमावर एक डॉलर घातला तर किती डॉलर परत येतात, हे तिने मोजले. तुरुंगातील व्यवसाय-शिक्षण आणि व्यसनमुक्ती फायद्यात निघाली. उलट पोरांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचा लोकप्रिय कार्यक्रम चक्क तोट्यात निघाला, कारण त्याने गुन्हे वाढलेच. या हिशोबाच्या बळावर २००७ साली तिथे नियोजित तुरुंगांपैकी एक बाजूला ठेवून पैसा अशा कार्यक्रमांकडे वळवला गेला. न्यूयॉर्कमधील अभ्यासकांनी तर नकाशेच काढले. ब्रुकलिनमधील काही गल्ल्या अशा निघाल्या की तिथल्या रहिवाशांना तुरुंगात ठेवण्यासाठी सरकार एकेका गल्लीमागे वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक खर्च करीत होते. त्याच गल्लीत शाळा पडकी, दवाखाना नाही, रोजगार नाही! आपल्या शहरांतील अशा वस्त्यांचा नकाशा कोणी काढला तर काय दिसेल, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

परंतु त्याच न्यूयॉर्कने एक धोक्याची सूचनाही देऊन ठेवली आहे. २०१२ साली रायकर्स बेटावरील तुरुंगात किशोरवयीन पोरांसाठीच्या कार्यक्रमात गोल्डमन सॅक्स या बड्या बँकेने ९६ लाख डॉलर घातले. पोरे पुन्हा तुरुंगात आली नाहीत तर बँकेला नफा, असा करार होता. २०१५ मध्ये तपासणी झाली, पोरांचे परत येणे कमी झाले नव्हते, कार्यक्रम गुंडाळला गेला. बँकेच्या पैशाला एका दानशूर संस्थेची हमी होती. पोरांच्या आयुष्याला कोणाची हमी होती? आणि २०२१ मध्ये त्याच शहराच्या हिशोबनिसाने जाहीर केले की, एका कैद्यामागे वर्षाचा खर्च साडेपाच लाख डॉलरच्या पुढे गेला आहे. कैदी घटले, पण नोकरशाही घटली नाही. कैदी कमी करणे आणि खर्च कमी करणे या दोन गोष्टींची सांगड घातली नाही तर बचत वस्तीपर्यंत पोहोचत नाही, हा त्यातला धडा.

म्हणूनच हिशोब मांडा म्हणताना आम्ही लगेच विचारतो : वही कोणाच्या हातात? हिशोब मांडणाऱ्याच्या डोक्यात जात असेल तर आकड्यांतही जात उतरते. 'हा सुटला तर पुन्हा गुन्हा करील का' याचा अंदाज पोलिसांच्या जुन्या नोंदींवरून बांधला, तर ज्यांना पोलीस सर्वाधिक पकडतात तेच सर्वाधिक धोकादायक ठरतील. अमेरिकेत संगणकाने दिलेल्या अशा गुणांमध्ये काळ्यांवर अन्याय होतो, हे २०१६ साली पत्रकारांनी उघड केले. आपल्याकडे तर संगणक नव्हता तेव्हापासून हे चालू आहे! १८७१ च्या कायद्याने आख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली त्या कायद्याचे जोखड गेले, पण पोलीस ठाण्याच्या वहीतून ते गेले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, तुरुंगात जातीवरून झाडूकाम आणि स्वयंपाक वाटून देणारे नियम घटनाबाह्य आहेत, विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे नियम घटनाबाह्य आहेत आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाका. स्वातंत्र्याला ७७ वर्षे झाल्यावर हे सांगावे लागते, तिथे हिशोबाची वही डोळे मिटून त्याच हातांत कशी द्यायची?

इथे आपल्याच कार्यकर्त्यांचा एक प्रश्न आम्हाला ठाऊक आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोपींना अटक करा, जामीन देऊ नका, ही आपली मागणी असते. मग इथे जामिनाची बाजू कशी घेता? प्रश्न रास्त आहे. उत्तर हिशोबातच आहे. गावातला धनदांडगा बाहेर राहिला तर साक्षीदार फुटतात, फिर्यादीला गाव सोडावे लागते, पुन्हा हल्ला होतो. हा खर्चच आहे आणि तोही फार मोठा. तो पीडिताच्या तोंडून ऐकून घ्यावा, यासाठी त्या कायद्याच्या कलम १५-अ ने पीडिताला जामिनाच्या वेळी म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. धोकादायक कोण आणि केवळ गरीब कोण, यांत फरक करा एवढेच आमचे म्हणणे आहे. आज नेमके उलटे होते. ज्याच्यापासून धोका आहे तो सातबारा घेऊन संध्याकाळी घरी जातो, आणि ज्याच्यापासून कोणालाच धोका नाही तो सातबारा नाही म्हणून आत राहतो.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. पैसा कुठे खर्च करावा हे हिशोबाने ठरवावे. माणसाला स्वातंत्र्य द्यावे की नाही हे हिशोबाने ठरवू नये. ते घटनेच्या कलम २१ ने ठरवून ठेवले आहे. उद्या कोणी आकडे मांडून म्हणाला की गरिबाला आत ठेवणेच स्वस्त पडते, तर आम्ही ते ऐकून घेणार नाही. बिहारचा रुदुल साह १९६८ साली निर्दोष सुटला आणि प्रत्यक्षात १९८२ साली बाहेर आला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला आधी दिलेल्या ५ हजारांखेरीज ३० हजारांची भरपाई दिली. चौदा वर्षांचे ३५ हजार, म्हणजे एका वर्षाचे अडीच हजार रुपये! ही त्या काळी मोठी क्रांतिकारक भरपाई मानली गेली, कारण तोपर्यंत तेवढेही मिळत नव्हते. आणि परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या आंदोलनात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आईचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहिणार?

तुरुंगातून सुटल्यावर काय, हाही याच हिशोबाचा भाग आहे. शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी येरवड्यात २०२२ साली 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू झाली, ५० हजारांपर्यंतची. चांगली गोष्ट आहे. पण निर्दोष सुटलेल्या कच्च्या कैद्याला काय मिळते? त्याला ना कर्ज, ना भरपाई, ना काम. गेलेली मजुरी गेली, भाड्याची खोली गेली, आणि परिसरात कुठे चोरी झाली की पहिला निरोप त्यालाच. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातील आणि सुटलेल्या माणसांना कायदेशीर मदत, निवारा, काम मिळवून देण्यासाठी झटतो आहे. एक प्रकल्प जे करतो ते प्रत्येक जिल्ह्यात सरकारने का करू नये? सुटलेला माणूस कामाला लागला तर तो पुन्हा आत येत नाही. यापेक्षा मोठी बचत कोणती?

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि तिथेच थांबतो. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या तिजोरीचा हिशोब त्यांनी १९२५ च्या ग्रंथात तपासला, आणि घटना समितीत ३० मे १९४९ रोजी सांगितले की, सरकारी खर्च तपासणारा महालेखापरीक्षक हा घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. सत्तेला हिशोब विचारणे हा लोकशाहीचा कणा आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तो वारसा आपण तुरुंगाच्या दारापर्यंत नेला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, प्रत्येक जिल्हा तुरुंगाचा वार्षिक ताळेबंद जाहीर झाला पाहिजे : किती कच्चे कैदी, कोणत्या कलमाखाली, किती दिवसांपासून, जामीन मंजूर होऊन किती जण आत आणि त्यांच्यावर किती खर्च. दोन, त्या ताळेबंदात कुटुंबाची बुडालेली मजुरी आणि कर्जही धरले पाहिजे. तीन, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील कच्च्या कैद्यांच्या आढावा समितीचे काम लोकांसमोर आले पाहिजे आणि हिशोब तपासायला विमुक्त व अनुसूचित समाजाचे प्रतिनिधी असले पाहिजेत. चार, कैदी घटल्यामुळे जे वाचेल ते नव्या भिंतींवर न घालता, ज्या वस्त्यांतून कैदी येतात तिथल्या शाळा, वसतिगृहे आणि रोजगारावर घातले पाहिजे.

सरकार हे आपणहून करील अशी आशा धरून बसण्यात अर्थ नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. प्रत्येक तालुक्यातील दोन कार्यकर्त्यांनी ठरवले तर जिल्हा तुरुंगाकडे एकच साधा प्रश्न पाठवता येईल : जामीन मंजूर होऊन सात दिवसांहून अधिक काळ आत असलेले कैदी किती, आणि त्यांची माहिती विधी सेवा प्राधिकरणाला कधी कळवली? उत्तर आले की ते घेऊन प्राधिकरणाच्या कार्यालयात जायचे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे, हे तिथे ठणकावून सांगायचे. गरीब कैद्यांच्या योजनेतून आपल्या जिल्ह्यात किती जण सुटले ते जिल्हाधिकाऱ्यांना विचारायचे. याला मोर्चा लागत नाही, मंडप लागत नाही. एक कोरा कागद, दहा रुपयांचे तिकीट आणि पाठपुरावा करणारी चार माणसे लागतात. प्रत्येक जिल्ह्यात एवढे झाले तरी यंदाच्या ६ डिसेंबरपूर्वी कित्येक घरांतला कर्ता माणूस घरी आलेला असेल.